चाळीस मीटरवर पन्नास, वीस मीटरवर पंचवीस: डायरेक्ट कन्व्हर्जन एसएसबी ट्रान्समीटरमधील दोन चुकांचे प्रकरण

मी घरी बांधलेल्या एसएसबी, म्हणजे एकच साइडबँड पाठवणाऱ्या, ट्रान्समीटरमध्ये नको असलेला साइडबँड (आवाज चढवल्यावर तयार होणाऱ्या दोन जुळ्या पट्ट्यांपैकी न पाठवायचा) ४० मीटरच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झजवळच्या, पट्ट्यावर हव्या साइडबँडपेक्षा ५० डेसिबल खाली होता आणि २० मीटरच्या, म्हणजे १४ मेगाहर्ट्झजवळच्या, पट्ट्यावर तो जेमतेम २५ डेसिबल खाली जात होता. यंत्र एकच, ध्वनीचा भाग तोच, दोन लहरी मिसळणारे मिक्सरही तेच. बदलते आहे ती फक्त वारंवारता, असे मी धरून चाललो. या समजुतीपायी माझ्या तीन संध्याकाळी चुकीच्या जागी शोध घेण्यात गेल्या, म्हणून हे प्रकरण आकड्यांसह सविस्तर नोंदवत आहे. फेजिंग पद्धतीचा (नको असलेला साइडबँड वजाबाकीने खोडणारा) ट्रान्समीटर बांधणाऱ्या कोणासमोरही हा पेच उभा राहू शकतो, आणि तो सोडवायला एकही नवा भाग लागत नाही; मोजणी कशी करायची तेवढे ठरवावे लागते.

दोष प्रथम लक्षात आला तो दुसऱ्याच्या कानाने. एका संध्याकाळी १४.२०० मेगाहर्ट्झवर बोलत असताना शहरातल्याच एका ज्येष्ठ हौशी रेडिओचालकांनी मला थांबवून सांगितले, “अहो, तुमच्या खाली दोन-अडीच किलोहर्ट्झवर काहीतरी चिवचिवतंय, आणि तुम्ही बोलायचे थांबलात की तेही थांबतंय.” वर्णन अचूक होते. अप्पर, म्हणजे वरच्या, साइडबँडवर पाठवताना खालचा साइडबँड पुरेसा दबला नसेल, तर त्यात आवाज उलटा मांडलेला असतो: खर्जातले सूर कॅरिअरच्या (आवाज वाहून नेणाऱ्या मूळ लहरीच्या) जवळ आणि वरचे सूर दूर, पण खालच्या दिशेने. तीन किलोहर्ट्झ खाली अप्पर साइडबँडवर ऐकणाऱ्याला माझे खर्जातले सूर तारस्वरात आणि तारस्वरातले खर्जात ऐकू येतात, आणि शब्द न कळणारी चिवचिव शिल्लक राहते. २५ डेसिबल म्हणजे व्होल्टेजच्या हिशेबाने सुमारे अठरावा भाग. लांबच्या माणसाला तो गोंगाटात हरवलेला असतो, पण त्याच शहरात बसलेल्याच्या संभाषणावर तो थेट जाऊन आदळतो.

यंत्राची रचना

आवाज कॅरिअरवर चढवला की कॅरिअरच्या वर आणि खाली एकमेकांची आरशातली प्रतिमा असल्यासारखे दोन साइडबँड तयार होतात. दोन्हींत मजकूर एकच असल्यामुळे एक पाठवला तरी काम भागते. अमेरिकेतल्या जॉन कार्सन यांनी १९१५ मध्ये हे गणिताने मांडले, आणि १९२७ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात सुरू झालेली अटलांटिकपारची रेडिओ-टेलिफोन सेवा याच तत्त्वावर चालली. नको असलेला साइडबँड काढून टाकण्याची रूढ पद्धत गाळणीची आहे. हैदराबादचे अशहर फरहान यांची ‘बिटेक्स’ ही भारतभर हौसेने बांधली गेलेली रचना याच पद्धतीची: एका ठरावीक मधल्या वारंवारतेवर साइडबँड तयार करायचे, स्फटिकांच्या गाळणीतून एकच पुढे जाऊ द्यायचा आणि मग दुसऱ्या मिक्सरने त्याला हव्या त्या पट्ट्यावर न्यायचे.

डायरेक्ट कन्व्हर्जन ट्रान्समीटरमध्ये ही मधली पायरी नसते. आवाज थेट ७.१ किंवा १४.२ मेगाहर्ट्झवर चढतो, त्यामुळे मधली वारंवारता, तिच्या प्रतिमा आणि स्फटिक जुळवण्याचे काम हे सगळे टळते. परंतु १ किलोहर्ट्झचा सूर दिला तर दोन साइडबँडमधले अंतर अवघे २ किलोहर्ट्झ असते, आणि ७ मेगाहर्ट्झवर एवढ्या जवळच्या दोन लहरी वेगळ्या करणारी गाळणी कॉइल आणि कंडेन्सर वापरून होत नाही. म्हणून तिथे राल्फ हार्टली यांची पद्धत वापरतात, जिचे पेटंट १९२८ मध्ये मंजूर झाले. आवाजाच्या दोन प्रती करायच्या, ज्यांच्यात ९० अंशांचा, म्हणजे पाव आवर्तनाचा, फरक असेल. कॅरिअरच्याही तशाच दोन प्रती करायच्या. एक जोडी एका मिक्सरला, दुसरी दुसऱ्याला द्यायची, आणि दोन्ही मिक्सरची निर्मिती एकत्र करायची. एक साइडबँड दोन्हीकडून सारख्या फेजने (आवर्तनाच्या एकाच टप्प्यावर) येतो आणि दुप्पट होतो. दुसरा विरुद्ध फेजने येतो आणि स्वतःलाच खोडतो.

या पद्धतीत दुसरा साइडबँड अडवला जात नाही, तो वजाबाकीने नाहीसा होतो, आणि वजाबाकी किती पूर्ण होईल हे दोन गोष्टींवर ठरते: दोन मार्गांची पातळी किती सारखी आहे आणि ९० अंश किती नेमके आहेत. एक अंशाची चूक असेल तर दाब, म्हणजे नको असलेला साइडबँड किती दबतो ते, ४१ डेसिबलपर्यंत जातो, दोन अंशांना ३५, पाच अंशांना २७. पातळीत एक दशांश डेसिबलचा फरक असेल तर एकट्या त्या फरकाने मर्यादा ४५ डेसिबलवर येते. हे आकडे पाठ असावेत अशा मताचा मी आहे, कारण पुढे दिसेल त्याप्रमाणे डेसिबलवरून अंशांकडे उलटे येता आले, तरच मोजणी काही सांगू लागते. रीत सोपी आहे: फेजमधली चूक रेडियनमध्ये घ्यावी, तिची निम्मी करावी, आणि तेवढा भाग नको असलेल्या बाजूला शिल्लक राहतो.

माझ्या यंत्रात कॅरिअरची जोडी दोन डी फ्लिप-फ्लॉपच्या, वारंवारता चारने भागणाऱ्या, भागकाने तयार होते. एसआय५३५१ या घड्याळ-चिपमधून हव्या वारंवारतेच्या चौपट लहर, म्हणजे ४० मीटरसाठी २८.४ आणि २० मीटरसाठी ५६.८ मेगाहर्ट्झ, ७४एसी७४ या चिपला मिळते, आणि तिच्या दोन निर्गमांवर पाव आवर्तनाच्या अंतराने दोन चौकोनी लहरी येतात. कॅरिअरची गळती रोखण्यासाठी हा भाग मी पत्र्याच्या वेगळ्या डबीत बसवला होता, आणि तिथून दोन बारीक कोअॅक्स केबली डायोड रिंगच्या दोन मिक्सरपर्यंत आणल्या होत्या.

आवाजाची जोडी ऑप-अॅम्पच्या (छोट्या अॅम्प्लिफायर चिपच्या) ऑल-पास टप्प्यांनी तयार होते. असा टप्पा सुराची पातळी बदलत नाही, फक्त त्याची फेज मागे सरकवतो, आणि किती सरकवायची हे एक रेझिस्टर आणि एक कंडेन्सर ठरवतात. एका साखळीतले तीन टप्पे ९४, ६७५ आणि २८२१ हर्ट्झवर आणि दुसरीतले ३१९, १३३४ आणि ९५८८ हर्ट्झवर बसवले, तर ३०० ते ३००० हर्ट्झ या संपूर्ण टापूत दोन साखळ्यांमधला फरक ९० अंशांपासून दोन दशांश अंशही ढळत नाही. प्रत्येक साखळीत दोनच टप्पे ठेवले असते तर हीच चूक एक अंशाच्या पुढे गेली असती आणि कागदावरच मर्यादा ४० डेसिबलच्या आसपास पडली असती. सहा टप्पे घेण्याचे कारण तेवढेच. सगळे कंडेन्सर १० नॅनोफॅरडचे ठेवून रेझिस्टर बदलते घेतले. पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या बाजारातून एकाच लॉटमधले चाळीस फिल्म कंडेन्सर आणून त्यांतून मीटरवर अर्ध्या टक्क्याच्या आत जुळणारे सहा निवडले होते.

साइडबँड बदलण्यासाठी दोन मार्गांपैकी (त्यांना आय आणि क्यू म्हणतात) क्यू मार्गाचा आवाज उलटवणारा, म्हणजे १८० अंशांनी फिरवणारा, एक ऑप-अॅम्प आणि स्विच आहे. ही बारीक गोष्ट पुढे निर्णायक ठरते.

मोजण्याची रीत

माझ्याकडचा छोटा स्पेक्ट्रम अॅनलायझर ३ किलोहर्ट्झपेक्षा बारीक भेद करत नाही. दोन किलोहर्ट्झवरचे दोन साइडबँड त्याला एकच दिसतात. म्हणून मोजणी रिसीव्हरवर केली. ट्रान्समीटरचा मिलिवॉटमधला निर्गम, पॉवर अॅम्प्लिफायर न जोडता, १ आणि १० डेसिबलच्या पायऱ्यांनी पातळी कमी करणाऱ्या अटेन्युएटरमधून रिसीव्हरला दिला आणि रिसीव्हरवर ५०० हर्ट्झची सीडब्ल्यूची (मोर्स संदेशांसाठीची) गाळणी लावली. आधी नको असलेल्या साइडबँडवर जाऊन स्पीकरच्या टोकांवरचे व्होल्टेज टिपायचे, मग हव्या साइडबँडवर येऊन तेच व्होल्टेज मिळेपर्यंत अटेन्युएटर वाढवत न्यायचा. जितके डेसिबल घालावे लागले तितका दाब. या रीतीत रिसीव्हर दोन्ही वेळा एकाच पातळीवर ऐकत असतो, त्यामुळे त्याचा एस-मीटर (सिग्नलची पातळी दाखवणारा मापक) किंवा एजीसी (पातळी आपोआप सांभाळणारा भाग) किती खरा आहे हा प्रश्नच येत नाही.

दोन मार्गांची पातळी ०.०५ डेसिबलच्या आत जुळवून घेतली होती आणि सूर १ किलोहर्ट्झचा होता. ४० मीटरवर लोअर, म्हणजे खालच्या, साइडबँडमध्ये ५० डेसिबल, २० मीटरवर अप्पर साइडबँडमध्ये २५ डेसिबल.

वाया गेलेल्या तीन संध्याकाळी

वारंवारता दुप्पट झाली आणि दाब कोसळला, म्हणजे दोष वरच्या वारंवारतेच्या भागात आहे, हा निष्कर्ष मला तेव्हा इतका स्वाभाविक वाटला की तो तपासून पाहावा असे सुचलेच नाही. पहिल्या संध्याकाळी ७४एसी७४ बदलला, त्याच्या पुरवठ्यावर जवळून आणखी एक कंडेन्सर लावला. आकडा २५वरच राहिला. दुसऱ्या संध्याकाळी मिक्सरची अदलाबदल केली. काहीही फरक पडला नाही.

तिसऱ्या संध्याकाळी आय मार्गाच्या केबलच्या टोकाशी एक छोटा ट्रिमर कंडेन्सर लावून त्या लहरीला किंचित मागे रेटले. स्क्रूड्रायव्हर पाव फेरा फिरताच रिसीव्हरमधला सूर विरघळत गेला आणि २० मीटरवरही ५० डेसिबल मिळाले. ते पाहून मला फार बरे वाटले होते, हे इथे लिहायलाच हवे, कारण सर्वांत फसवा क्षण तोच होता. ४० मीटरवर परत आलो तेव्हा तिथला ५०चा आकडा ३१वर उतरला होता. ट्रिमर मूळ जागी आणला की ४० मीटर सुधारे आणि २० मीटर बिघडे. एका पारड्यात घातले की दुसरे वर जावे, तसे.

पारडे एका टोकाला जाताना दुसऱ्या टोकाला उठते तेव्हा मध्ये दांडी असते. इथली दांडी कोणती, हा प्रश्न मी त्या रात्री प्रथम वहीत लिहिला, आणि तो लिहिताना लक्षात आले की ज्या दोन आकड्यांची मी तुलना करत होतो त्यांच्यात एक नाही, दोन गोष्टी बदललेल्या आहेत. हौशी रेडिओत १० मेगाहर्ट्झच्या खाली लोअर आणि वर अप्पर साइडबँड वापरण्याचा प्रघात आहे. पट्टा बदलला की साइडबँडही बदलायचा, हे हाताला इतके सवयीचे झालेले असते की तो बदल मोजणीच्या वहीत वेगळा नोंदलाच जात नाही.

चार मोजण्या

ट्रिमर काढून टाकला आणि दोन्ही पट्ट्यांवर दोन्ही साइडबँड मोजले. हवेत काहीच जात नसल्यामुळे प्रघाताविरुद्ध मोजण्याला कोणतीही आडकाठी नव्हती. ४० मीटरवर लोअर ५०, अप्पर २९. २० मीटरवर लोअर ३५, अप्पर २५. ज्या ४० मीटरला मी निर्दोष समजत होतो तिथे केवळ स्विच फिरवताच २१ डेसिबल नाहीसे झाले होते.

याचा अर्थ लावण्यासाठी मिक्सरमध्ये काय घडते ते पाहावे लागते. मिक्सरमधून निघणाऱ्या वरच्या साइडबँडची फेज ही कॅरिअर आणि आवाज यांच्या फेजची बेरीज असते, आणि खालच्या साइडबँडची फेज ही त्यांची वजाबाकी. म्हणून कॅरिअरच्या ९० अंशांत एक चूक आणि आवाजाच्या ९० अंशांत दुसरी चूक असेल, तर वरच्या साइडबँडमध्ये त्या दोघींची बेरीज उमटते आणि खालच्यात वजाबाकी. लोअर साइडबँड पाठवताना आपण वरचा खोडत असतो, म्हणून तिथे बेरीज मोजली जाते. अप्पर पाठवताना वजाबाकी. दोन्ही चुका विरुद्ध चिन्हाच्या असल्या तर बेरीज जवळपास शून्य होते, एका साइडबँडवर यंत्र अप्रतिम वाटते, आणि दुसऱ्यावर त्याच चुका एकमेकींना हात देतात.

आता डेसिबलचे अंश केले. २९ डेसिबल म्हणजे सुमारे ४.१ अंश, ५० डेसिबल म्हणजे जास्तीत जास्त तिसऱ्या हिश्शाइतका अंश. यांतून ४० मीटरवरच्या दोन चुका जवळपास सारख्या, प्रत्येकी २ अंशांच्या थोड्या वर. २० मीटरवर २५ डेसिबल म्हणजे ६.४ अंश आणि ३५ डेसिबल म्हणजे २ अंश. यांची बेरीज-वजाबाकी सोडवली की दोन चुका निघतात ४.२ आणि २.२ अंशांच्या. डेसिबल चिन्ह सांगत नाहीत, त्यामुळे एकाच पट्ट्यावरून यांतली कॅरिअरची कोणती आणि आवाजाची कोणती हे ठरवता येत नाही. दोन पट्टे शेजारी ठेवले की ठरते. २.२ अंशांची चूक दोन्हीकडे तेवढीच राहिली, कारण आवाजाला कॅरिअर कुठे आहे याच्याशी कर्तव्य नसते. दुसरी चूक वारंवारतेबरोबर बरोबर दुप्पट झाली, म्हणजे ती कॅरिअरची. तिसऱ्या संध्याकाळचे पारडेही याने उलगडते: ट्रिमरने मी कॅरिअरमध्ये जाणूनबुजून नवी चूक घालून आवाजाची चूक झाकत होतो, आणि ते झाकण एका वेळी एकाच पट्ट्याला आणि एकाच साइडबँडला पुरत होते.

इथे एक गोष्ट सांगून पुढे जातो. साइडबँड बदलण्याची दुसरी रूढ पद्धत म्हणजे दोन मार्गांचा आवाज उलटवण्याऐवजी आपसांत बदलणे, ध्वनीची डावी-उजवी तार बदलतात तसे. त्या पद्धतीत साइडबँडबरोबर आवाजाच्या चुकीचे चिन्हही फिरते आणि दोन्ही साइडबँडवर बेरीजच समोर येते. माझ्या यंत्रात तसा स्विच असता, तर ४० मीटरवर दोन्हीकडे ५० आणि २० मीटरवर दोन्हीकडे ३५ आले असते, आणि ध्वनीच्या भागात दोष आहे असा संशयही आला नसता. निदानासाठी का होईना, एक मार्ग उलटवण्याची सोय यंत्रात असावी असे मला मनापासून वाटते.

पहिली चूक: सोळा सेंटिमीटर

कॅरिअरची चूक वारंवारतेच्या प्रमाणात वाढते, तेव्हा ती ठरावीक वेळेचा उशीर असते. १४.२ मेगाहर्ट्झवर ४.२ अंश म्हणजे ०.८ नॅनोसेकंद, आणि ७.१ मेगाहर्ट्झवर २.०५ अंश म्हणजेही ०.८ नॅनोसेकंद. बारीक कोअॅक्स केबलीत लहर प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने, म्हणजे नॅनोसेकंदाला साधारण २० सेंटिमीटर जाते. हिशेबाने दोन केबलींच्या लांबीत १६ सेंटिमीटरचा फरक असायला हवा होता.

पेटीचे झाकण उघडून फूटपट्टी लावली. आय मिक्सरकडे जाणारी केबल ९ सेंटिमीटरची होती. क्यू मिक्सरकडे जाणारी मी पेटीच्या भिंतीला लागून, कोपऱ्यातल्या स्क्रूला वळसा घालून, नीटनेटकी दिसावी म्हणून फिरवून नेली होती, आणि ती २५ भरली. चार मोजण्यांच्या डेसिबलवरून वहीत आलेला आकडा फूटपट्टीवर जसाच्या तसा दिसणे हा या कामातला सर्वांत समाधानाचा क्षण होता. दोन्ही केबली एकाच तुकड्यातून सारख्या, १२ सेंटिमीटरच्या कापून पुन्हा डाखल्या.

मग पुन्हा चारही मोजण्या घेतल्या. चारही ठिकाणी ३४ डेसिबल. म्हणजे योग्य दुरुस्ती केल्यावर यंत्राचा सर्वांत चांगला आकडा ५०वरून ३४वर घसरला होता. आधीची चार आकड्यांची जुळणी हाताशी नसती तर मी घाबरून जुन्या केबली परत लावल्या असत्या, यात मला शंका नाही. परंतु दोन पट्टे आणि दोन साइडबँड यांच्यातला भेद पूर्ण मिटणे हाच पुरावा होता की कॅरिअरची चूक गेली आणि आता जे उरले ते सगळे आवाजाच्या बाजूचे आहे.

दुसरी चूक: एक तात्पुरता कंडेन्सर

आवाजातली चूक सुराच्या उंचीबरोबर बदलते, आणि कशी बदलते यावरून कोणता टप्पा बिघडला आहे ते कळू शकते. ऑल-पास टप्प्यातला कंडेन्सर थोडा चुकीचा असला, तर त्या टप्प्याच्या स्वतःच्या वारंवारतेवर परिणाम सर्वांत जास्त होतो आणि दोन्ही बाजूंना तो हळूहळू ओसरतो. शिवाय त्या शिखरावर रेडियनमधली चूक कंडेन्सरच्या चुकीच्या प्रमाणाइतकीच असते: एक टक्का कमी तर शतांश रेडियन. ४० मीटरवरच सूर बदलत मोजत गेलो. ४०० हर्ट्झला ३९ डेसिबल, ७०० ला ३६, १००० ला ३४ च्या किंचित वर, १३०० ला बरोबर ३४, २००० ला ३५ च्या थोडे खाली, २७०० ला ३६. दरी उथळ आहे, पण तिचा तळ १३०० हर्ट्झजवळ आहे हे अटेन्युएटरच्या एकेका डेसिबलच्या पायरीवरही दिसते. सहा टप्प्यांपैकी १३३४ हर्ट्झचा टप्पा दुसऱ्या साखळीत मध्यभागी बसतो. तळाचा ३४ डेसिबल म्हणजे ०.०४ रेडियन, म्हणजे तिथला कंडेन्सर ४ टक्क्यांनी चुकीचा.

भिंगाखाली त्या जागी लाल चौकोनी फिल्म कंडेन्सरऐवजी पिवळसर मण्यासारखा सिरॅमिक कंडेन्सर दिसला. पाहताच आठवले. बोर्ड भरताना निवडलेल्या सहांपैकी एकाचा पाय मुळाशी तुटला होता, रात्र झाली होती, आणि यंत्र त्याच दिवशी चालू करून पाहण्याच्या ओढीने मी हाताला आलेला दुसरा कंडेन्सर तात्पुरता लावला होता. दोन्हींवर ‘१०३’ हेच आकडे, म्हणजे १० नॅनोफॅरड. फरक त्यापुढच्या अक्षरात. फिल्मवर ‘जे’, म्हणजे पाच टक्क्यांची सूट; सिरॅमिकवर ‘के’, म्हणजे दहा टक्क्यांची. काढून मीटरला लावल्यावर तो ९.६ नॅनोफॅरड भरला. त्याच्यावर छापलेल्या मर्यादेत तो चोख बसत होता, त्यामुळे त्याला सदोष म्हणता येत नाही. तो जुळवलेल्या संचाबाहेरचा होता एवढेच. सहाच्या सहा कंडेन्सर ९.६ नॅनोफॅरडचे असते तर काहीच बिघडले नसते. सगळे टप्पे मिळून चार टक्क्यांनी वर सरकले असते, ९० अंशांचा टापू ३०० ऐवजी ३१२ हर्ट्झपासून सुरू झाला असता आणि कानाला ते कळलेही नसते. फेजिंगच्या जाळ्यात मूल्यापेक्षा जुळणी मोलाची असते ती यामुळे. आणि ज्या जातीचे सिरॅमिक कंडेन्सर तापमानाबरोबर, वापरातल्या व्होल्टेजबरोबर आणि काळाबरोबर आपली धारकता बदलत राहतात, त्यांना या जागी आज जुळवून लावले तरी ते उद्या जुळलेले राहतील याची खात्री नसते.

उरलेल्या चौतीसांतून जुळणारा सातवा फिल्म कंडेन्सर मिळाला, तो लावला. त्यानंतरच्या मोजण्या: ४० मीटरवर लोअर ४७, अप्पर ४६, २० मीटरवर लोअर ४६, अप्पर ४४. सुरुवातीचा ५०चा आकडा आता कुठेच नाही, आणि मला तो परत मिळवायचाही नाही. ४०० ते २७०० हर्ट्झच्या दरम्यान कोणत्याही सुरावर दाब ४३ डेसिबलच्या खाली जात नाही. २० मीटरवरच्या दोन साइडबँडमध्ये जो दोन डेसिबलचा फरक उरला आहे तो सांगतो की कॅरिअरच्या बाजूला अजून काही दशांश अंश शिल्लक आहेत; दोन मिक्सरच्या तारांचे पाय सारखे नाहीत, आणि माझा संशय तिथेच आहे. त्यासाठी ट्रिमर लावलेला नाही.

पुढच्या रविवारी त्याच ज्येष्ठ स्नेह्यांना १४.१९७ मेगाहर्ट्झवर थांबायची विनंती केली आणि मी १४.२०० वर अप्पर साइडबँडमध्ये एक ते वीस मोजले, मग क्षणभर थांबून पुन्हा मोजले. त्यांनी सांगितले की मी बोलतोय की थांबलोय हे त्यांना तिथे ओळखता येत नाही. त्यांच्या रिसीव्हरवर मात्र नेमक्या १४.२०० वर एक बारीक, स्थिर शीळ ऐकू येत होती. तो मिक्सरच्या असंतुलनातून गळणारा कॅरिअर आहे, आणि वहीच्या पुढच्या पानावर त्याची मोजणी सुरू केली आहे.